कुलूप आणि जिना

सतराव्या शतकात हिंदुस्थानात दीर्घकाळ वास्तव्य केलेला इटालियन प्रवासी निकोलाव मनुची याने मोगल राज्यातील सराईंचे वर्णन करून ठेवले आहे. सराई म्हणजे एक लहानसा किल्लाच असे. चहूबाजूंनी भिंती, भक्कम दरवाजा, आणि तो दरवाजा सायंकाळी बंद होई. पहाटे तो उघडण्यापूर्वी दरवान मोठ्या आवाजात तीन वेळा पुकारा करी, की प्रत्येकाने आपापली चीजवस्तू पाहून घ्यावी. कोणाची एखादी वस्तू नाहीशी झाल्याचे आढळले, तर ती सापडेपर्यंत दरवाजा उघडला जात नसे. त्याच्या सुमारे तीन शतके आधी इब्न बतूताने चीनमधील पांथनिवासांची अशीच हकिकत सांगितली होती. तेथे सायंकाळी अधिकारी आपल्या कारकुनासह येई, मुक्कामास उतरलेल्या प्रत्येकाचे नाव लिहून घेई, दरवाजाला कुलूप लावून निघून जाई, आणि सकाळी येऊन एकेकाचे नाव पुकारून हजेरी घेई.

या दोन्ही वर्णनांत एक समजूत समान आहे. पांथस्थाला धोका आहे तो माणसापासून. तो माणूस एकतर बाहेरून आत येणार किंवा आतला माल घेऊन बाहेर पळणार. तेव्हा भिंत उंच असावी, दरवाजा एकच असावा, त्याला कुलूप असावे आणि आत कोण आहे याची नोंद असावी. ब्रिटिश अमदानीत १८६७ साली झालेला सराईंचा कायदा याच समजुतीवर उभा होता. सराईच्या मालकाने आपल्या सराईची नोंदणी जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे करावी, सांसर्गिक रोगाने कोणी आजारी पडल्यास किंवा कोणी मृत्यू पावल्यास जवळच्या पोलीस ठाण्यावर ताबडतोब वर्दी द्यावी, विहिरी व गटारे स्वच्छ ठेवावीत, दंडाधिकाऱ्यास आवश्यक वाटतील तितके पहारेकरी नेमावेत, दरपत्रक लावावे, अशी कर्तव्ये त्यात घालून दिलेली होती. त्यांतील एक कलम मोठे लक्षवेधी आहे. ज्या झाडांच्या आधाराने चोरांना सराईत शिरता किंवा सराईतून निसटता येईल, ती झाडे अथवा त्यांच्या फांद्या मालकाने काढून टाकाव्यात, असे ते कलम सांगत होते. कायदा करणाऱ्यांना सराईची रात्र ठाऊक होती, असेच म्हटले पाहिजे. मात्र ज्या फांदीवरून चोर उतरतो, त्याच फांदीवरून प्रसंगी पाहुण्यालाही जीव वाचवून पळता आले असते, हा विचार त्या कलमात नाही. हॉटेलांच्या सुरक्षिततेचा पुढील सर्व इतिहास या दोन गरजांच्या ओढाताणीचा इतिहास आहे.

पाहुण्याच्या सामानाबाबत कायद्याने फार पूर्वीपासून खाणावळवाल्यावर कडक जबाबदारी टाकलेली आहे. इंग्लंडमध्ये १५८४ साली कॅली याच्या खटल्यात या जबाबदारीची चौकट न्यायालयाने स्पष्ट केली. पांथनिवासाच्या आवारात पाहुण्याची वस्तू गेली, तर ती मालकाने भरून द्यावयाची. त्या खटल्यातील प्रश्न घोड्याचा होता. पाहुण्याच्या सांगण्यावरून तो कुरणात चरावयास सोडला होता आणि तेथून तो चोरीस गेला. कुरण म्हणजे पांथनिवास नव्हे, म्हणून मालक त्यातून सुटला. पुढे १८६३ च्या इंग्रजी कायद्याने सामानाबाबतची ही जबाबदारी साधारणतः तीस पौंडांपर्यंत मर्यादित केली, मात्र घोडे व गाड्या यांना ती मर्यादा लागू केली नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१९ साली जे प्रकरण निकालात निघाले, ते या जुन्या घोड्याचेच आधुनिक रूप होते. १९९८ साली दिल्लीतील एका तारांकित हॉटेलात आलेल्या पाहुण्याने आपली मोटार व तिची चावी हॉटेलच्या नोकराच्या स्वाधीन केली. चाव्या ठेवण्याच्या मेजावरून भलत्याच माणसाने ती चावी उचलली आणि मोटार पळविली. पावतीवर ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेले होते. न्यायालयाने सांगितले की, वाहन ताब्यात घेतल्यावर ते सुखरूप परत करण्याचे कर्तव्य हॉटेलवर येते, आणि स्वतःच्या निष्काळजीपणापासून अशा छापील ओळीच्या आडून सुटका होत नाही.

चावी हा या व्यवसायातील नाजूक भाग आहे. सराईला एक दरवाजा होता. आधुनिक हॉटेलाला दोन-तीनशे दरवाजे असतात आणि दररोज त्यांतील पुष्कळ दरवाजांचे धनी बदलतात. पूर्वी पितळी चावीला खोलीच्या क्रमांकाचा जाड बिल्ला अडकवीत असत. पाहुण्याने ती खिशात घालून नेऊ नये, स्वागतकक्षावर ठेवून जावी, हा त्या वजनामागील हेतू होता. पण हरवलेली चावी ज्याला सापडे, त्याला बिल्ल्यावर खोलीचा क्रमांकही आयताच मिळे. शिवाय प्रत्येक चावीची नक्कल करता येई, आणि महिन्यापूर्वी राहून गेलेल्या माणसाजवळ तुमच्या आजच्या खोलीची चावी नसेलच अशी खात्री कोणी देऊ शकत नसे. १९७४ साली अमेरिकेत न्यूयॉर्कनजीकच्या एका मोटेलात प्रसिद्ध गायिका कॉनी फ्रान्सिस यांच्यावर त्यांच्या खोलीत शिरलेल्या इसमाने चाकूच्या धाकाने अत्याचार केला. दरवाजे पुरेसे सुरक्षित ठेवले नाहीत म्हणून त्यांनी मालकांवर दावा लावला आणि १९७६ साली ज्यूरीने त्यांच्या बाजूने पंचवीस लाख डॉलरांचा निर्णय दिला. या घटनेने अस्वस्थ झालेले नॉर्वेचे टोर सोर्नेस यांनी छिद्रे पाडलेल्या प्लास्टिकच्या पत्त्याने उघडणारे कुलूप तयार केले. पत्त्यावर बत्तीस जागा. प्रत्येक जागी छिद्र आहे किंवा नाही एवढाच भेद. तेवढ्यावर चारशे कोटींहून अधिक निरनिराळे पत्ते करता येत. नवा पाहुणा आला की कुलूप नव्या पत्त्याशी जुळवून घेता येई आणि जुना पत्ता निरुपयोगी होई. पुढे छिद्रांची जागा चुंबकीय पट्टीने घेतली, पट्टीची जागा इलेक्ट्रॉनिक चकतीने. आता कोणत्या खोलीचे दार कोणत्या चावीने कोणत्या वेळी उघडले, याचीही नोंद राहते. दारातील भिंगाचे छिद्र, आतली साखळी आणि चाप हे त्याचे साथीदार. आतून घालावयाच्या या कड्या साध्या असल्या, तरी मालकाच्या सर्व चाव्यांपासून पाहुण्याला राखतात त्या त्याच.

चोराविरुद्धची ही लढाई हॉटेलांनी बऱ्याच अंशी जिंकली आहे. परंतु झोपलेल्या पाहुण्यांचे प्राण एका रात्रीत शेकड्यांनी घेतले ते चोरांनी नव्हेत, धुराने.

अमेरिकेतील अटलांटा शहरात १९१३ साली बांधलेले वाइनकॉफ हॉटेल पंधरा मजल्यांचे होते. त्याच्या कागदपत्रांवर ‘पूर्णतः अग्निरोधक’ अशी जाहिरात छापलेली असे, आणि ती एका अर्थाने खरी होती. पोलादाचा सांगाडा, विटांच्या भिंती; इमारत जळून कोसळण्याचा प्रश्न नव्हता. परंतु वर-खाली जाण्यास जिना एकच होता. लहान भूखंडावरील इमारतीस एक जिना पुरे, असे तेव्हाचे नगर-नियम मानीत. जिन्याला मजल्यागणिक बंद करणारी दारे नव्हती, बाहेरच्या बाजूने लोखंडी जिना नव्हता, धोक्याची घंटा नव्हती, पाण्याचे स्वयंचलित फवारे नव्हते. खोल्यांच्या दारांवर वारा खेळावा म्हणून झडपा ठेवलेल्या होत्या आणि मार्गिकांच्या भिंतींवर जळाऊ कापडाचे आच्छादन होते.

७ डिसेंबर १९४६ च्या पहाटे साडेतीनच्या पुढे तिसऱ्या मजल्याच्या मार्गिकेत आग लागल्याचे आढळले. हॉटेल भरलेले होते. राज्यातील शाळांची मुले-मुली एका युवक संमेलनासाठी आली होती, नाताळच्या खरेदीसाठी कुटुंबे आली होती. उघडा जिना हेच धुराडे बनले. धूर आणि तापलेली हवा जिन्यातून वर चढली, प्रत्येक मजल्याच्या मार्गिकेत पसरली आणि दारांवरील झडपांतून खोल्यांत शिरली. ज्या एका वाटेने माणसे खाली येऊ शकली असती, त्याच वाटेने आग वर येत होती. अग्निशामक दलाच्या शिड्या वरच्या मजल्यांपर्यंत पोहोचल्या नाहीत. लोकांनी चादरी गाठी मारून खिडक्यांतून सोडल्या. काही त्यावरून उतरले, काही पडले, काहींनी उड्या घेतल्या. ११९ माणसे मरण पावली. ज्यांच्या नावाने हॉटेल ओळखले जाई, ते वृद्ध वाइनकॉफ आणि त्यांची पत्नी तेथेच राहत असत; तीही त्यांत होती. खिडकीतून पडणाऱ्या एका स्त्रीचे एका विद्यार्थ्याने टिपलेले छायाचित्र जगभर छापले गेले आणि पुढच्या वर्षी त्यास पुलित्झर पारितोषिक मिळाले.

इमारत मात्र खरोखरच उभी राहिली. दुरुस्ती होऊन १९५१ साली ती पुन्हा नव्या नावाने हॉटेल म्हणून सुरू झाली, आणि एकविसाव्या शतकातही तेथे पाहुणे उतरत आहेत. ‘अग्निरोधक’ हा शब्द विटा-पोलादाला लागू होता. त्यात झोपणाऱ्यांना तो लागू नव्हता, एवढाच काय तो घोटाळा.

हा धडा शिकून झाला असे वाटत असतानाच २१ नोव्हेंबर १९८० रोजी लास वेगास येथील एमजीएम ग्रँड या सव्वीस मजली हॉटेलात आग लागली. तळमजल्यावरील एका उपाहारगृहाच्या भिंतीत विजेच्या तारांतील दोषामुळे ती धुमसत होती. इमारतीच्या काही भागांत पाण्याचे फवारे होते. जुगारगृह आणि उपाहारगृहे यांना मात्र त्यांतून सूट मिळाली होती. चोवीस तास वर्दळ असलेल्या ठिकाणी आग लागताच कोणाच्या तरी लक्षात येईल, असा त्या सवलतीमागील तर्क होता. प्रत्यक्षात ते उपाहारगृह चोवीस तास चालेनासे झाले होते, आणि त्या सकाळी ते बंद होते. वापर बदलला, सवलत तशीच राहिली. ८५ जणांचा मृत्यू झाला. आग खालच्याच मजल्यांवर होती. बहुसंख्य मृत्यू मात्र वरच्या मजल्यांवर, ज्वाळा कधीही पोहोचल्या नाहीत अशा ठिकाणी झाले. लिफ्टच्या विवरांतून, जिन्यांतून आणि भूकंपासाठी इमारतीत ठेवलेल्या सांध्यांतून धूर वर गेला. काही पाहुणे जिन्यात शिरले, तेव्हा तेथे धूर होता. आणि मागे वळून पाहतात तो जिन्याचे दार जिन्याच्या बाजूने उघडतच नव्हते. बाहेरच्या माणसाने जिन्यातून मजल्यावर येऊ नये म्हणून ते तसे केलेले होते. कुलूप आणि जिना यांची ओढाताण याहून स्पष्ट कोठे दिसणार?

धुराचे हे वागणे समजून घेतले पाहिजे, कारण सामान्य माणसाच्या मनात आग म्हणजे ज्वाळा. तापलेला वायू हलका होऊन वर जातो आणि उंच इमारतीतील प्रत्येक उभी पोकळी त्याला धुराड्यासारखी ओढून घेते. छताला लागल्यावर तो आडवा पसरतो आणि हळूहळू खाली उतरू लागतो. म्हणूनच जमिनीलगत रांगत गेल्यास काही काळ श्वास घेता येतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी आवेगाने संयोग पावतो. त्याला रंग नाही, वास नाही. आणि धुराला वास असला तरी झोपलेल्या माणसाला वासाने जाग येईलच असा भरवसा धरता येत नाही; जाग येते ती आवाजाने. म्हणून धूर ओळखून घंटा वाजविणारे यंत्र ही हॉटेलाची पहिली गरज ठरते. दुसरी गरज छतातील फवाऱ्यांची. त्यांतील काचेची लहान कुपी बहुधा ६८ अंश सेल्सियसला फुटते आणि त्या एकाच तोंडातून पाणी सुटते. चित्रपटांत दाखवितात तसे सगळे फवारे एकदम सुरू होत नाहीत. पाण्याने गालिचे भिजतील या भयाने मालक उगाच कचरतात.

१९९० साली अमेरिकेने या बाबतीत एक निराळाच मार्ग काढला. तीन मजल्यांहून उंच असलेल्या ज्या हॉटेलांत फवारे नसतील, तेथे सरकारी कामावर प्रवास करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी उतरू नये, असे धोरण कायद्याने ठरविण्यात आले. सक्तीला दाद न देणारे मालक गिऱ्हाईक जाण्याच्या भीतीला दाद देतात, हे ओळखून केलेली ही योजना होती. भारतात सरकारी प्रवासाचा व्याप लक्षात घेता ती विचार करण्यासारखी आहे.

जिन्याच्या दाराचे कोडे मात्र हॉटेलांच्या बाहेर, मुलांच्या एका खेळाच्या प्रसंगी झालेल्या अपघातातून सुटले. १६ जून १८८३ रोजी इंग्लंडमधील संडरलंड येथील व्हिक्टोरिया हॉलमध्ये भेटवस्तू मिळतील या आशेने मुले जिन्यावरून खाली धावली. खालचे दार आतल्या बाजूस उघडणारे होते आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढेच उघडे ठेवून खिट्टी लावलेली होती. तेथे १८३ मुले चेंगरून मेली. त्या घटनेनंतर रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज यांनी केवळ ढकलल्याने सुटणाऱ्या खिट्टीचे पेटंट १८९२ साली घेतले. १९०३ साली शिकागोच्या इरोक्वॉइ नाट्यगृहातील आगीत सहाशेहून अधिक माणसे बळी पडल्यावर अमेरिकेतही अशी दारे प्रचारात आली. दाराच्या आतल्या अंगाला कमरेएवढ्या उंचीवर एक आडवा दांडा असतो. बाहेरून पाहिले तर दार बंद आणि कुलूपबंद. आतून मात्र अंगाने दाब दिला की ते उघडते. चावी शोधावी लागत नाही, प्रकाश लागत नाही, डोके ठिकाणावर असण्याचीही गरज नाही. चोराला दार बंद ठेवायचे आणि पाहुण्याला उघडे, हे एकाच दाराने साधले. हे दार उघडताच स्वागतकक्षात घंटा वाजेल अशी सोयही करता येते. म्हणजे बिल न देता मागच्या वाटेने निसटणाऱ्याची मालकाची चिंताही मिटते. इतका स्वस्त व जुना उपाय हाताशी असताना संकटकालीन दाराला साखळी आणि टाळे घातलेले आजही दिसते, याला अज्ञान हे कारण पुरेसे नाही.

भारतात या प्रश्नाकडे लक्ष वेधले ते २३ जानेवारी १९८६ च्या पहाटे नवी दिल्लीच्या वसंत विहार भागातील सिद्धार्थ काँटिनेंटल या हॉटेलात लागलेल्या आगीने. तीत तीसहून अधिक लोक दगावले. त्याच वर्षी संसदेने दिल्लीसाठी आग प्रतिबंध व अग्निसुरक्षा कायदा संमत केला. त्याआधी १९७० साली प्रसिद्ध झालेली राष्ट्रीय इमारत संहिता मार्गदर्शनासाठी होतीच. संहितेच्या पुढील आवृत्त्यांत निवासी इमारतींच्या बहिर्मार्गापर्यंतचे अंतर साधारणतः ३० मीटरांहून अधिक नसावे, जिने धुरापासून राखलेले असावेत, दारे आपोआप मिटणारी असावीत, अशा तरतुदी आहेत. पण अग्निशमन हा स्थानिक संस्था व राज्ये यांच्या अखत्यारीतला विषय असल्याने संहितेला बळ येते ते राज्याच्या कायद्याने. महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्यात एक उपयुक्त कलम आहे. इमारतीचा मालक अथवा भोगवटादार याने परवानाधारक संस्थेकडून तपासणी करवून, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, सादर करावयाचे असते. एकदा मिळालेल्या दाखल्यापेक्षा सहा महिन्यांनी होणाऱ्या तपासणीला अधिक मोल आहे. कारण हॉटेल हे सतत बदलणारे घर आहे. आज लाकडी तावदान बसते, उद्या गच्चीवर पत्र्याचे छप्पर येऊन तिचे उपाहारगृह होते, परवा जिन्याखाली गाद्या रचल्या जातात.

१२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे दिल्लीच्या करोलबाग भागातील अर्पित पॅलेस हॉटेलात नेमके हेच उघडे पडले. १७ जण मरण पावले. त्यांत लग्नासाठी दूरवरून आलेले पाहुणे होते. मार्गिकांना लाकडाचे आच्छादन होते आणि त्यावरून आग झपाट्याने पसरली. हॉटेलजवळ अग्निशामक दलाचा ना-हरकत दाखला होता. आगीनंतर त्या भागातील हॉटेलांची तपासणी झाली आणि अनेकांचे दाखले रद्द करावे लागले. ५ सप्टेंबर २०२२ रोजी लखनौ येथील एका हॉटेलात चार जण गुदमरून मेले. तेथे खिडक्यांवरील लोखंडी जाळ्या आणि बंद काचा यांनी आत जाणाऱ्या जवानांनाच अडविले. २९ एप्रिल २०२५ च्या रात्री कोलकात्याच्या बडाबाजार भागातील एका हॉटेलात चौदा जण मृत्युमुखी पडले. बहुतेकांचे मृत्यू गुदमरूनच झाले.

या घटनास्थळांत एक साम्य आहे. ही महालांसारखी हॉटेले नव्हेत. रेल्वे स्थानके, बाजारपेठा, देवस्थाने, रुग्णालये यांच्या आसपास अरुंद भूखंडांवर उभी असलेली अशीच हॉटेले आणि लॉज देशातील बहुसंख्य प्रवाशांना रात्रीचा आसरा देतात. त्यांतील पुष्कळ इमारती मुळात राहती घरे होती. नंतर खोल्या पाडल्या गेल्या, वातानुकूलनासाठी खिडक्या काचेने कायमच्या बंद झाल्या, रस्त्याकडील बाजू देखणी दिसावी म्हणून तिच्यावर आवरण चढले आणि चोराच्या भीतीने जाळ्या बसल्या. प्रत्येक बदलाला स्वतःचे असे कारण होते. सर्व बदल मिळून मात्र वाइनकॉफचे घर पुन्हा उभे राहिले: एक जिना, लाकूड, आणि न उघडणारी खिडकी.

कोंडलेल्या खोलीचा धोका आगीवाचूनही संभवतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन या थंड हवेच्या ठिकाणी केरळातून आलेल्या आठ पर्यटकांचा, त्यांत लहान मुलेही होती, एकाच खोलीत झोपेत अंत झाला. थंडी वाजते म्हणून खोलीत गॅसवरील शेगडी आणली गेली होती आणि दारे-खिडक्या घट्ट लावल्या होत्या. तेथेही जीव घेणारा वायू तोच, वास नसलेला. डोंगराळ ठिकाणच्या मुक्कामात शेगडी मागणाऱ्या पाहुण्याला नकार देणे हे व्यवस्थापकाला कठीण जाते, पण नकारच दिला पाहिजे. न्हाणीघरातील गॅसच्या बंबाचीही तीच गोष्ट. त्याचा धूर बाहेर नेणारी नळी नसेल, तर तो बंब तेथे नको.

२००८ च्या नोव्हेंबरात मुंबईने निराळाच प्रसंग पाहिला. २६ तारखेच्या रात्री सुरू झालेला दहशतवादी हल्ला २९ तारखेच्या सकाळी संपला. १६६ जण मारले गेले. १९०३ साली सुरू झालेले ताजमहाल हॉटेल आणि नरिमन पॉइंटवरील ओबेरॉय-ट्रायडंट ही त्यातील प्रमुख ठिकाणे होती.  त्या रात्री ताजमध्ये पुष्कळ पाहुणे वाचले ते तेथील नोकरवर्गामुळे. वाढपी, स्वयंपाकी, टेलिफोन चालविणाऱ्या स्त्रिया यांनी पाहुण्यांना स्वयंपाकघरामागील वाटांनी हलविले, दिवे मालवून खोल्यांत थांबविले, फोनवरून धीर दिला. त्यांतील काहींनी पाहुण्यांना वाचविताना प्राण गमावले. हॉटेलचे महाव्यवस्थापक करमबीर कांग यांची पत्नी आणि दोन मुले वरच्या मजल्यावर आगीत मरण पावली; ते स्वतः पाहुण्यांना बाहेर काढण्याच्या कामातच राहिले. त्या कर्मचाऱ्यांपाशी शस्त्र नव्हते. कोणते दार कोठे उघडते, कोणत्या वाटेने रस्त्यावर जाता येते, हे मात्र त्यांना पाठ होते.

त्यानंतर मोठ्या शहरांतील हॉटेलांच्या दारांत सामान तपासणारी यंत्रे आली, मोटारींच्या बुडाखाली आरसे फिरू लागले, ओळखपत्राची प्रत घेतल्यावाचून खोली मिळेनाशी झाली. परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठविण्याचा नियम पूर्वीपासून होताच. तो अधिक काटेकोरपणे पाळला जाऊ लागला. हे सर्व आवश्यक होते. पण त्याचबरोबर अनेक ठिकाणी सर्व ये-जा एकाच तपासणी-दारातून व्हावी म्हणून बाजूची फाटके बंद करण्यात आली. पहारा सोपा झाला. त्या फाटकांना आडव्या दांड्याचे दार बसविले की नाही, हे विचारणारे कोणी असेलच असे नाही.

खोलीच्या दाराआड बहिर्मार्गाचा नकाशा लावलेला असतो. दिवसभराच्या प्रवासाने थकलेला पाहुणा त्याकडे जेवणाच्या दरपत्रकाइतकेही लक्ष देत नाही, आणि दोष सर्वस्वी त्याचा नाही. तो नकाशा बहुधा इतका बारीक असतो की चष्म्यावाचून वाचता येऊ नये. त्यापेक्षा एक जुनी सवय अधिक उपयोगी पडते. सामान ठेवल्यावर मार्गिकेत परत येऊन जिन्यापर्यंत चालत जावे आणि वाटेतील दारे मोजावीत. धुरात दिसत नाही. भिंतीला हात लावून दारे मोजता येतात. जिन्याचे दार ढकलून ते उघडते का, हेही पाहून घ्यावे. ते कुलूपबंद आढळले तर स्वागतकक्षात तक्रार करण्यास संकोच नसावा, आणि दखल घेतली गेली नाही तर दुसरीकडे जावे. रात्री चावी किंवा पत्ता उशाशी असावा. घंटा वाजल्यास दाराला हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करावा; ते तापलेले असेल तर उघडू नये. फटीत ओला टॉवेल कोंबावा, वातानुकूलन बंद करावे, खिडकीशी थांबावे, आणि आपण कोणत्या खोलीत आहोत हे फोनवरून कळवावे. दार थंड असेल तर बाहेर पडताना ते आपल्यामागे ओढून घ्यावे व चावी बरोबर न्यावी. जिन्यात धूर भेटला, तर परत येण्यास ती खोली उपयोगी पडते. लिफ्टमध्ये शिरू नये.

पाहुण्याने हे सारे केले तरी त्याचे भवितव्य पहाटे तीन वाजता कामावर असलेल्या दोघा-चौघांच्या हाती असते. हॉटेलातील सर्वांत अनुभवी माणसे दिवसा कामावर असतात. रात्रपाळीला बहुधा नवखा कारकून, एक दरवान आणि पोटमजल्यावर झोपलेला पोऱ्या. वर उल्लेखिलेल्या बहुतेक आगी रात्री अथवा पहाटे लागलेल्या आहेत. तेव्हा अग्निशमनाचा सराव दुपारी चार वाजता, पाहुणे बाहेर असताना, घेऊन भागत नाही. तो या दोघा-चौघांकडून करवून घेतला पाहिजे. घंटा कोणी वाजवावयाची, अग्निशामक दलाला फोन कोणी करावयाचा, विजेचा मुख्य खटका कोठे आहे, हे त्यांना कोणाला उठविल्यावाचून ठाऊक असले पाहिजे. ‘आधी पाहून येतो, मग कळवितो’ या एका वाक्यात पुष्कळ मौल्यवान वेळ जातो. आणि मुक्कामास असलेल्यांची यादी, कोणत्या खोलीत किती माणसे, कोठे म्हातारे, कोठे तान्हे मूल, कोणाला चालता येत नाही, या तपशिलासह रोज रात्री दहा वाजता लिहून दरवानाजवळ फाटकावर ठेवावी. स्वागतकक्ष धुराने भरल्यावर संगणकातील नोंद कोणाच्या उपयोगी पडत नाही, आणि बंब घेऊन आलेला अधिकारी पहिला प्रश्न विचारतो तो आत किती जण आहेत हाच.